मंडळाची दिवाळी, कृष्णवर्णीय केटरर आणि वेळेवर दिलेला चेक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अटलांटाच्या उपनगरात तुमचं मराठी मंडळ आहे. दिवाळीला चारशेच्या आसपास माणसं येतात. जेवण, साउंड, फोटो, छपाई, खुर्च्या असं सगळं धरून वर्षाला साधारण तीस हजार डॉलर खर्च होतात. मंडळातल्या तरुण मुलामुलींचा आग्रह आहे की यातला काही भाग कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या व्यवसायांकडे जावा. समितीतले काही जण विचारतात की त्याने खरंच फरक पडतो का, आणि करायचंच तर सुरुवात कुठून करायची.

माझं काम छोट्या व्यवसायांचे कर्जाचे अर्ज तपासण्याचं आहे, त्यामुळे मला हा प्रश्न बँक स्टेटमेंटमधून दिसतो. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. बऱ्याच व्यवसायांना गिऱ्हाईक मिळतं. ऑर्डर घेतल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे दिवस काढायला पैसा नसतो. म्हणून फरक पडतो का, याचं माझं उत्तर असं : एकदा मोठी खरेदी करून फोटो काढलात तर फारसा नाही. दरवर्षी, लेखी कराराने, आगाऊ रक्कम देऊन आणि उरलेले पैसे त्याच रात्री चुकते करून खरेदी केलीत, तर नक्की पडतो, आणि तो आकड्यांत दाखवता येतो. खाली दाखवलाच आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. हॉल कोणता, बाहेरचा केटरर तिथे चालतो का, जेवण संपूर्ण शाकाहारी हवं की अंडं चालतं, आणि मंडळ नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे का, यांवर तपशील बदलतील. अटलांटामध्ये पर्याय भरपूर आहेत. आयोवातल्या एखाद्या गावात राहणाऱ्याला हेच उत्तर जसंच्या तसं लागू पडणार नाही.

आधी भांडवलाचं बोलू, कारण सगळं तिथेच अडतं. अमेरिकेत छोटा धंदा सुरू करणारा माणूस पहिले पैसे सहसा बँकेकडून आणत नाही. स्वतःची बचत, घर तारण ठेवून काढलेली रक्कम आणि नातेवाइकांची मदत, यांवर पहिली दोन वर्षं निघतात. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबांपैकी बरोबर मधल्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीयांपैकी मधल्या कुटुंबाची सुमारे ४४,९०० डॉलर. हा फरक आळसातून किंवा उधळपट्टीतून आलेला नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची बचत ठेवण्यासाठी १८६५ मध्ये फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली गेली आणि १८७४ मध्ये ती बुडाली. ठेवीदारांचे घामाचे पैसे गेले. १९२१ मध्ये टल्सा शहरातला ग्रीनवुड हा भरभराटीचा भाग, जवळपास पस्तीस ब्लॉक, जमावाने जाळून टाकला, आणि विमा कंपन्यांनी ‘दंगल पॉलिसीत बसत नाही’ म्हणून दावे फेटाळले. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या म्हणून लाल रंगात टाकल्या. तिथल्या घरांना कर्ज मिळेना, म्हणून घरांना किंमत येईना, म्हणून पुढच्या पिढीला तारण ठेवायला काही राहीना. आज एखादी केटरर चाळीस हजारांचं कर्ज मागायला येते तेव्हा तिचा स्वयंपाक उत्तम असतो, गिऱ्हाईक पक्कं असतं, आणि तारणाचा रकाना रिकामा असतो.

समितीत कोणीतरी विचारेलच, की आपला यात काय संबंध. त्यांना १९६५ सालाची आठवण करून द्या. त्या वर्षीच्या इमिग्रेशन कायद्याने देशनिहाय जुना कोटा गेला आणि भारतीयांना इथलं दार उघडलं. तो कायदा नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणातच मंजूर झाला. आपण ज्या दारातून आत आलो ते उघडायला कोणी मार खाल्ला, हे मंडळाच्या बैठकीत एकदा स्पष्ट बोलायला हरकत नाही. आणि आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. संबंध आजचा नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं, मालकी तपासणं. इंटरनेटवरच्या याद्या सुरुवातीला ठीक असतात, पण त्यांत बंद पडलेले आणि विकले गेलेले व्यवसायही राहून जातात. सर्वमान्य कसोटी अशी की निदान ५१ टक्के मालकी आणि रोजच्या निर्णयांचा ताबा, दोन्ही त्या व्यक्तीकडे हवं. मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिलचं प्रमाणपत्र घेतात, पण ते काढायला फी लागते आणि कागदांचा गठ्ठा लागतो. चार माणसांच्या केटररकडे ते नसेल तर संशय घेऊ नका. जॉर्जिया राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाच्या वेबसाइटवर व्यवसायाचं नाव टाकून नोंदणी चालू आहे का ते बघा, आणि मालकाशी फोनवर बोला. तेवढं पुरतं. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या : दुकानातल्या शेल्फवरचे काही प्रसिद्ध ब्रँड कृष्णवर्णीयांनी उभे केले आणि पुढे मोठ्या कंपन्यांना विकले. केसांच्या आणि त्वचेच्या उत्पादनांचा शीया मॉइश्चर हा ब्रँड २०१७ मध्ये युनिलिव्हरकडे गेला. विकणं वाईट नव्हे. त्याच व्यवहारानंतर संस्थापक रिशेल्यू डेनिस यांनी कृष्णवर्णीय आणि इतर गोरेतर स्त्रियांच्या व्यवसायांत गुंतवणुकीसाठी दहा कोटी डॉलरचा फंड उभा केला. पण तुमचा डॉलर आज कोणाच्या खात्यात जातो, ते माहीत असावं.

तुमच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा जेवणाचा आणि गोंधळही तिथेच होतो, म्हणून यावर थोडं थांबतो. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्वयंपाकात आपल्याला जवळची वाटणारी पुष्कळ सामग्री आहे. ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळी, ओक्रा म्हणजे भेंडी, आणि यॅम्स म्हणून जे वाढतात ते बहुतेक वेळा रताळंच असतं. पण पारंपरिक पद्धतीत कॉलर्ड ग्रीन्स (एक जाड पानांची पालेभाजी) आणि चवळी तासन् तास शिजवतात ती डुकराच्या पायाचा सांधा किंवा स्मोक्ड टर्की टाकून. त्या पाण्यातच चव असते. ‘व्हेजिटेबल’ म्हटलं की ते शाकाहारी असेल हे गृहीत धरू नका. फोनवर नुसतं ‘व्हेज’ म्हणूनही भागत नाही. लेखी द्या : मांस, मासे, चिकनचं पाणी, लार्ड (डुकराची चरबी), बेकनचं तेल नको. भात चिकन स्टॉकमध्ये शिजवायचा नाही. रताळ्यावर मार्शमेलो नको, त्यात जिलेटिन असतं. भेंडी तळायची तर तेल स्वतंत्र, कारण त्याच कढईत कॅटफिश तळलेला असतो. कॉर्नब्रेड आणि दक्षिणी पद्धतीच्या मॅकरोनी-चीजमध्ये अंडं असतं. तुमच्याकडे अंडं न खाणारे किती, ते आधी मोजा आणि त्यांच्यासाठी वेगळा ट्रे सांगा. चांगल्या केटररला हे सगळं नवीन नसतं. अटलांटामध्ये व्हेगन स्वयंपाक करणारे कृष्णवर्णीय स्वयंपाकी बरेच आहेत आणि ग्रीन्समध्ये धुराची चव स्मोक्ड पेप्रिकाने कशी आणायची ते त्यांना ठाऊक असतं. इथियोपियन हॉटेलंही विचारात घ्या. त्यांच्याकडे उपासाचं जेवण पूर्ण वनस्पतिजन्य असतं, आणि डाळ, कोबी, इंजेरा (त्यांची आंबवलेल्या पिठाची पोळी) हे आपल्या आजी-आजोबांच्याही पचनी पडतं. इथियोपियन स्थलांतरित आणि इथल्या गुलामांचे वंशज, यांचा इतिहास वेगळा आहे. मंडळाला दुसऱ्या गटाला मुद्दाम काम द्यायचं असेल, तर समितीत ते आपसात स्पष्ट करून घ्या.

फराळ, पुरणपोळी, श्रीखंड त्यांच्याकडून मागू नका. ते तुमच्या नेहमीच्या काकूंकडूनच येऊ द्या. जेवणातल्या भाज्या, भात, ब्रेड आणि एखादा गोड पदार्थ केटररकडे द्या. प्रत्येक पदार्थ माणशी चार औंस धरला तर चारशे माणसांना शिजवून तयार असा शंभर पौंड लागतो. करारात असा आकडा लिहा, ‘पुरेसं’ असं लिहू नका. त्याआधी समितीच्या वीस-पंचवीस जणांचं जेवण त्यांच्याकडून पूर्ण पैसे देऊन मागवा. फुकट टेस्टिंग मागायचं नाही. या एका छोट्या ऑर्डरमध्ये तिखट किती, मीठ किती, वेळ पाळतात का, ट्रे गरम येतात का, सगळं कळतं, आणि पुढच्या मोठ्या ऑर्डरमध्ये दोघांचीही फजिती टळते.

आता वचन दिलेले आकडे. चारशे ताटं, अठरा डॉलरप्रमाणे ७,२०० डॉलर. त्यात सामान साधारण २,३००, मदतनीसांचे पगार २,०००, भाड्याचं किचन, गॅस, गाडी आणि प्लेट्स ९००. एकूण ५,२०० डॉलर खर्च, आणि यातले साडेचार हजार तरी पहिलं ताट वाढायच्या आधी खिशातून गेलेले असतात. उरले २,०००, त्यातून विमा, कर आणि मालकाची स्वतःची मजुरी. आता समजा मंडळाने ‘खजिनदार भारतात गेलेत, पुढच्या महिन्यात चेक देतो’ असं सांगितलं. बँकेत शिल्लक नसलेला माणूस अशा वेळी मर्चंट कॅश ॲडव्हान्स घेतो, म्हणजे पुढच्या विक्रीतून फेडायची झटपट उचल. अर्ज दहा मिनिटांचा, पैसे दुसऱ्या दिवशी. ५,००० डॉलर घेतले आणि फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या रकमेच्या किती पट फेडायचं तो आकडा, १.३५ असेल तर ६,७५० फेडायचे, तेही रोज खात्यातून साधारण ५४ डॉलर कापून, सहा महिने. वरचे १,७५० म्हणजे तुमच्या ऑर्डरमधले २,००० जवळजवळ संपले. रोज मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर वर्षाच्या हिशेबाने हा व्याजदर शंभर टक्क्यांच्या वर जातो. आपल्याकडचा सावकार आठवावा असा हा प्रकार आहे. मंडळाने चांगल्या हेतूने दिलेली ऑर्डर चेक उशिरा गेल्यामुळे तोट्याची ठरते.

म्हणून हप्ते असे ठेवा : करार करताना ५० टक्के, म्हणजे ३,६००. कार्यक्रमाच्या सात दिवस आधी, पक्का आकडा देताना, ४० टक्के, म्हणजे २,८८०. उरलेले ७२० त्याच रात्री, भांडी आवरायच्या आत. क्रेडिट कार्डाने दिलेत तर त्यांचे तीन टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे दोनशेहून अधिक डॉलर. चेक किंवा बँक ट्रान्सफर द्या. आगाऊ रक्कम बुडेल अशी भीती रास्त आहे. त्यासाठी कार्यक्रम रद्द झाला तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत, हे करारात लिहा, आणि दोन जुन्या गिऱ्हाइकांशी बोला.

‘मंडळ आहे, कम्युनिटी आहे, थोडं कमी करा’ हे वाक्य या वेळी नको. ज्याला बळ द्यायचं म्हणता त्याच्याच पदरातून सवलत कशी मागायची? दर जास्त वाटला तर ताटातला एक पदार्थ कमी करा, दर पाडू नका.

विम्याचं अगदी आठवणीने. बहुतेक हॉल केटररकडे दहा लाख डॉलरचा जनरल लायबिलिटी विमा (अपघात किंवा नुकसानीच्या जबाबदारीचा) मागतात आणि प्रमाणपत्रावर हॉलचं नाव ‘ॲडिशनल इन्शुअर्ड’, म्हणजे त्या विम्याचं संरक्षण मिळणारा आणखी एक पक्ष, म्हणून लागतं. हे शेवटच्या आठवड्यात सांगितलं की छोटा व्यवसाय बाद होतो आणि मोठा केटरर आत येतो. कोणी भेदभाव केलेला नसतो, तरी परिणाम तोच. नियम पहिल्या फोनमध्ये सांगा. काउंटीच्या आरोग्य खात्याचा परवानाही तेव्हाच मागा.

साउंड, फोटोग्राफी, छपाई, खुर्च्या यांत फार खोलात जात नाही, तत्त्व तेच. फक्त सगळं एकाच वर्षी हलवू नका. २०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाची हत्या झाल्यावर कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांच्या याद्या फिरल्या, काही दिवसांत ऑर्डरींचा पूर आला, माल संपला, पार्सलं उशिरा गेली, लोकांनी वाईट शेरे लिहिले, आणि पुढे ती मागणी ओसरली. ज्यांनी त्या भरवशावर माल भरला आणि माणसं नेमली, त्यांच्या गळ्यात तो खर्च राहिला. तुम्ही दोन व्यवसाय निवडा आणि तीन वर्षांचा शब्द द्या. ‘पुढल्या वर्षीही आम्ही येऊ’ असं मंडळाच्या कागदावर लिहिलेलं पत्र कर्जाच्या अर्जाला जोडता येतं, आणि तपासणारा ते वाचतो.

नियमित खरेदीने काय होतं याचं मोठं उदाहरण तुमच्या शहरातच आहे. मेनार्ड जॅक्सन १९७३ मध्ये अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले. विमानतळाच्या नव्या टर्मिनलच्या कामात २५ टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना मिळालाच पाहिजे, यावर ते अडून बसले. टर्मिनल १९८० मध्ये उघडलं. छोट्या कंपन्या मोठ्यांच्या भागीदारीत आल्या, त्यामुळे त्यांच्या नावावर काम लागलं, त्या कामाच्या जोरावर काम पुरं होण्याची हमीपत्रं मिळाली, आणि हमीपत्रांवर पुढची कंत्राटं. आज विमानतळाच्या नावात त्यांचंही नाव आहे.

पण तोच मार्ग आज तसाच धरू नका. कायद्याची बाजू बदललेली आहे. सरकारी कंत्राटांतल्या वांशिक राखीव वाट्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रिचमंड खटल्यात कडक अटी घातल्या. करारात वंशावरून भेदभावाला मनाई करणारा १८६६ चा नागरी हक्क कायदा खाजगी करारांनाही लागू होतो. अटलांटाच्याच फिअरलेस फंड या गुंतवणूक संस्थेने कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी २०,००० डॉलरची अनुदानं ठेवली होती. त्यांच्यावर २०२३ मध्ये दावा झाला, जून २०२४ मध्ये जॉर्जिया ज्याच्या कक्षेत येतं त्या अपील न्यायालयाने त्यांच्या विरोधात निर्णय दिला, आणि सप्टेंबरात तडजोड होऊन ती योजना बंद झाली. मुक्त गुलामांच्या रक्षणासाठी केलेला कायदा त्यांच्याच लेकींच्या विरोधात वापरला गेला, याचं दुःख आहे. पण समितीने वस्तुस्थिती धरून चालावं. तुमच्या घरची खरेदी तुम्ही कोणाकडून करता हा तुमचा प्रश्न. मंडळाच्या ठरावात मात्र ‘फक्त’ किंवा ‘राखीव’ हे शब्द नकोत. दरपत्रकं मागवण्याची यादी रुंद करा : आजवर तीन ओळखीच्या केटररना विचारत होतात, आता सहांना विचारा, आणि निवड चव, दर, वेळ यांवर करा. रुंद यादीत आले की हे लोक कामं मिळवतात. ठराव लिहिण्याआधी मंडळातल्या एखाद्या वकिलाला दाखवा.

समितीला न सुचलेली एक गोष्ट म्हणजे मंडळाची शिल्लक. समजा वीस-पंचवीस हजार डॉलर एखाद्या मोठ्या बँकेत नुसते पडून आहेत. अटलांटाच्या ऑबर्न अव्हेन्यू या कृष्णवर्णीय व्यवसायांच्या जुन्या रस्त्याच्या परंपरेतली, कृष्णवर्णीयांच्या मालकीची सिटिझन्स ट्रस्ट बँक १९२१ पासून आहे. न्यू ऑर्लिन्सची लिबर्टी, वॉशिंग्टनची इंडस्ट्रियल, अशा बँका इतर शहरांतही आहेत. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये, हत्येच्या आदल्या संध्याकाळी, लोकांना आपले पैसे तिथल्या ट्राय-स्टेट या कृष्णवर्णीयांच्या बँकेत ठेवायला सांगितलं होतं. त्यामागचं गणित साधं होतं. ठेव आली की बँकेला त्याच वस्तीत कर्ज देता येतं. एफडीआयसी या सरकारी ठेव-विमा संस्थेचा अडीच लाख डॉलरपर्यंतचा विमा इथेही तोच आहे, त्यामुळे खजिनदाराला जास्तीची जोखीम नाही. बँक विमाधारक आहे ना, हे एफडीआयसीच्या वेबसाइटवर स्वतः बघा. मात्र शंभर डॉलरचं खातं उघडून सोडून देऊ नका. असं खातं सांभाळायचा बँकेला खर्चच होतो. शिल्लक एक-दोन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवा आणि रोजचा व्यवहार हवा तर आहे तिथेच राहू द्या.

शेवटी हिशेबाचं. अर्ज नाकारला जातो तेव्हा धंदा वाईट असल्याचं कारण कमी वेळा असतं. बहुतेक वेळा घरचं आणि दुकानाचं खातं एकच असतं. दोन वर्षांची कर विवरणपत्रं, बारा महिन्यांची स्टेटमेंट्स, आणि दर एक डॉलर हप्त्यामागे सव्वा डॉलर शिल्लक दाखवणारा हिशेब, एवढं मागितलं जातं. धंद्यात तेवढी कमाई असते, पण किराणा आणि मुलांची फी त्याच खात्यातून गेल्याने ती दिसत नाही. तुमच्या मंडळात अकाउंटंट आणि सॉफ्टवेअरवाले कमी नाहीत. कोणाला मनापासून वेळ द्यायचा असेल तर स्कोअर या संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. ती १९६४ पासून छोट्या व्यवसायांना विनामूल्य सल्ला देते. आपल्या केटररला मात्र न विचारता शिकवायला जाऊ नका. तिने विचारलं तर वेगळं खातं, वेगळं कार्ड आणि दर रविवारी अर्धा तास नोंदी, इथून सुरुवात करून द्या.

दिवाळीला अजून तीन महिने आहेत असं तुम्ही लिहिलंय. आज हॉलचा करार उघडून बाहेरच्या केटररचं आणि विम्याचं कलम वाचा. या पंधरवड्यात सहा दरपत्रकं मागवा, पुढच्या महिन्यात वीस जणांचं जेवण मागवून बघा, आणि करारावर सह्या होतील त्याच दिवशी ३,६०० चा चेक तयार ठेवा. खजिनदार भारतात जाणार असतील तर दुसऱ्या सहीचा अधिकार कोणाला, ते याच बैठकीत ठरवा.